नमुना

आधी मुंग्यांना कळलं.
शाहू मार्केट यार्डातल्या आमच्या अडतीत
पत्र्यापर्यंत गुळाचे रवे रचलेले,
आणि त्यांची रांग मात्र
रव्यांना वळसा घालून
फाटक्या पोत्यांमागच्या ओल्या कोपऱ्याकडं चाललेली,
जिथं तोलार रात्री जाऊन यायचा.

मग काट्याला कळलं.
पिल्लू असताना तागडीत झोपायचा, म्हणून तोलार.
उगीच एकदा ठेवला काट्यावर:
साडेसहाचा चार किलो तीनशे.
एवढी तूट तर पाणी सुटलेल्या गुळालाही धरत नाहीत.

शेवटी मिणचेकर मॅडमना. साखर, म्हणाल्या.
मी म्हटलं, मॅडम, नऊ वर्षं झाली,
यानं गुळाला तोंड लावलेलं नाही.
त्या म्हणाल्या, मांजराच्या जिभेला गोड कळतच नाही.
हे मला लागलं.
नऊ वर्षं तो या गोदामात राहिला
आणि त्याच्या लेखी इथं नुसते दगड रचले होते.

आता रोज पहाटे पाच.
सुईचं जमलं,
मानेची कातडी चिमटीत धरली की हूं नाही की चूं नाही.
लघवीचं मात्र विचारू नका.
आधी पेटीतली वाळू काढून
माशांच्या दुकानातले काचखडे धुऊन घातले.
त्यानं हुंगलं,
माझ्याकडं बघितलं,
आणि गेल्या सालच्या खतावणीवर जाऊन
निवांत मोकळा झाला.
कागदानं सगळं पिऊन टाकलं.

मग डाव.
पापाच्या तिकटीवरनं आणलेला, दांडा वाकवून घेतलेला.
कशाला हवा असा, दुकानदारानं विचारलं.
पाकाला, म्हटलं.

तो उकरतो, मी थांबतो.
कान मागं गेले की समजायचं, अजून नाही.
डोळे अर्धे मिटले की डाव सरकवायचा.
घाई केली की सौदा मोडतो.

एकदा यासीन टेंपो घेऊन लवकर आला.
मी पोत्यांआड उकिडवा, हातात डाव.
"काय दिवाणजी, काय शिजवायलाय?"
"गप. नमुना घ्यायलोय."
हसला नाही तो.
चपला हातात घेऊन चोरासारखा मागं सरला
आणि तेव्हापासून पहाटे हॉर्न मारत नाही.

चमचाभरही नसतं. कोमट.
पट्टी बुडवायची, झटकायची, तीस आकडे मोजायचे.
माझा सगळा जन्म रंगात गेला.
पिवळा, केशरी, तांबूस, काळपट,
नखानं खरवडून सांगतो
कुठल्या गुऱ्हाळाचा, रसात भेंडी किती पडली.
तरी या बोटभर पट्टीपुढं हात कापतो.
डबीवरचा हिशेब आमच्यासारखाच,
रंग गडद तेवढी प्रत खाली.
फक्त वरच्या टोकाला निळा आहे.
निळा म्हणजे साखर नाही.

अडतीच्या वहीत, मागल्या पानावर मांडतोय.
तपकिरी. तपकिरी.
सोमवारी सांडला.
तपकिरी. मग हिरवट.
शेठनी परवा वही उलटली,
"हा हिरवा माल कुणाचा आला?"
"तोलारचा."
त्यांनी पान मिटलं. दर विचारला नाही.

आज कोपऱ्यात मुंग्या कमी वाटल्या,
का मीच नीट बघितलं नाही.
डाव घासून पालथा घातलाय.
तोलार काट्यावर बसून पंजा चाटतोय,
चार किलो पाचशे,
आणि बाहेर सौद्याची बोली सुरू झालीय,
पिवळ्याला चढा भाव, काळ्याला कुणी नाही.
चाळीस वर्षांत निळा गूळ
मी कधी बघितलेला नाही.
उद्या पाचला उठायचंय.